उद्यमबागेत, आवाज नसताना

पहिली वायर नुसती चार्जिंगची निघाली,
तिच्यात माझा एक अख्खा सोमवार गेला.
दुसरीनं बोर्डावरचा हिरवा दिवा लागला,
लॅपटॉप म्हणाला, ओळखलं.
आवाज मात्र नाही.

व्हॉल्यूम शंभर. म्यूटवर काट नाही.
आउटपुटच्या यादीत बोर्डाचं नाव, पुढं बरोबरची खूण.
मी एकच शिट्टी पाठवतेय, सारखी,
आणि पडद्यावर पट्टे उभे, डावा, उजवा,
एका उंचीचे, जुळ्या पोरांसारखे.
स्पीकरला कान लावते.
कानात फक्त खालच्या लेथची
गार लोखंडी थरथर.

कंग्राळीच्या पावशेंना बोलका काटा हवाय,
बटाट्याच्या वखारीत, शनिवारपर्यंत.
गोणी ठेवली की वजन मोठ्यानं सांगेल असा,
आधी मराठीत, मग कन्नडमध्ये,
म्हणजे मागनं कुणी कुणाला खोटं पाडायला नको.
ॲडव्हान्स मी खर्चून बसलेय.

तिसऱ्या रात्री इरय्या मुचंडींना बोलावलं.
शहापुरात रेडिओ दुरुस्त करायचे,
आता कुणी रेडिओ आणत नाही
आणि उजवा कानही जवळपास गेलाय.
मफलर गुंडाळून आले, चहा नको म्हणाले, मग दोनदा प्याले.
बोर्ड बघून म्हणाले, इतकुसं?
बोट जिभेला लावून ओलं केलं
आणि ॲम्प्लिफायरच्या तोंडाशी टेकवलं.

घूंऽऽ.

घसा बरा आहे की, म्हणाले.
वरनं त्याला कोण काय सांगतंय ते बघा.

मीटर लावला. डाव्या तारेवर पाऊण व्होल्ट.
उजव्या तारेवर पाऊण व्होल्ट.
दोघी जिथं मिळतात त्या टाक्यावर
काहीच नाही.
परत मोजलं. मीटरच्या बॅटरीला शिव्या घातल्या.
टाका वितळवून नवा घातला, राळेचा धूर डोळ्यांत गेला.
काहीच नाही.

तडी, म्हणाले इरय्या,
आणि चिमट्यानं उजवी तार उपटली.

शिट्टी!
अशी कर्कश, की लेथवाला जिन्यावरनं ओरडला.
एक तार काढली, तर आवाज आला.
ती लावली, डावी उपटली. तीच शिट्टी.
दोन्ही लावल्या. गप्प.
म्हाताऱ्यानं हे चारदा केलं,
पोरानं दिव्याच्या बटणाशी खेळावं तसं,
दर वेळी म्हणत, बंतु, होय्तु, बंतु.

मग मी कोड उघडला.
एकशे बाराव्या ओळीत, उजव्या बाजूच्या पुढं,
एक वजाचिन्ह.
मीच टाकलेलं. जूनमध्ये, कशाला तरी,
काढायचं राहून गेलं.
डावी लाट वर चढे तेव्हा उजवी तेवढीच खाली.
दोघी पूर्ण जीव लावून बोलत होत्या
आणि माझ्या टाक्यावर त्यांची बेरीज होत होती.

कागदावर लाटा काढून इरय्यांना दाखवल्या.
त्यांनी कागद उलटा धरला, मग सुलटा.
म्हणाले, मांडवात कर्ण्यांच्या तारा उलटसुलट जोडल्या
की मधल्या खुर्च्यांना ढोल ऐकू यायचा नाही.
मधे नेहमी व्याही बसायचे.
मार मी खाल्लाय त्यापायी.

बॅकस्पेस. एवढंच.
तीन दिवस, आणि एक कळ.

दोन वाजून गेले होते. पलीकडच्या फाउंड्रीत
कुणीतरी साचे ठोकून मोकळे करत होतं.
इरय्यांनी काट्यावर पंजा ठेवला.
एक किलो चारशे, काटा बोलला माझ्या चुलतबहिणीच्या आवाजात.
ओंदु किलो नानूरु, गौरव्वाच्या, त्यांच्या सुनेच्या.
म्हाताऱ्यानं बरा कान जवळ नेला.
घरात इतकं हळू बोलत नाही ही, म्हणाले,

आणि हात उचलला.

शून्य.
सोन्ने.